तीन नळ्यांत वाघीण मावत नाही

मी वाघीण ओढ्यावरचा पूल बोलतोय. पूल कसला, अर्धा पूल. माझ्या दोन कमानींपैकी एकच उभी आहे. दुसरीच्या जागी मोकळं आभाळ आहे आणि खाली वाहतं पाणी. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नका. पन्नास वर्षं मी तोंड मिटून ओझी वाहिली. आता बोलायला लागलोय तो रागानंच.

टेंभुर्णीपासून दोन कोसांवर आमचं नांदखेडा. गावातून निघालेला शिवरस्ता माझ्यावरून ओढा ओलांडतो आणि पलीकडच्या साठ-सत्तर शेतांत जातो. त्याला डांबर कधी लागलं नाही. खाली वाघीण. वर्षातले आठ-नऊ महिने ती निजलेली असते. पात्रात शेळ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. परक्या माणसाला दाखवलं तर तो म्हणेल, ह्याला ओढा कुणी म्हणावं? पण वरच्या डोंगरावर पाऊस फुटला की ती अशी उठते की गावातल्या माणसाला घरात बसून ऐकू येते. नाव उगाच पडलेलं नाही.

माझा जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. विहिरींनी तळ दाखवला होता, गुरं छावणीत होती आणि माणसं खडी फोडत होती. त्या कामावर सोळा वर्षांची एक नवी सून होती, तुळजाबाई. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. पहिल्याच आठवड्यात दगडाची कपची उडून तिच्या बांगड्या फुटल्या. सासू कावली, नव्या नवरीचा हात रिकामा दिसतो म्हणून. तुळजाबाई म्हणाली, "हात फुटण्यापरीस बांगड्या फुटल्या त्या बऱ्या." आणि पुन्हा हातोडा उचलला. माझ्या पायात जी खडी आहे, तिच्यातली किती तिच्या हातची, हे मला विचारू नका. पण तिच्या हाताला आलेले फोड मी पाहिलेत.

बांधणारा होता इब्राहीम मिस्त्री. टेंभुर्णीचा. काटकुळा, कानावर विडी, बोलणं थोडं. साहेबानं त्याला नकाशा दिला होता. एक कमान, तीही बुटकी. मिस्त्रीनं नकाशा पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी जाऊन बसला. विचारलं, पाणी कुठवर येतं? म्हाताऱ्यानं त्याला काठावरच्या जुन्या बाभळीपाशी नेलं, वरच्या बेचक्याकडं बोट केलं आणि सांगितलं, "लहानपणी हितं अडकलेला पाळणा काढल्ता आम्ही. रिकामा होता."

मिस्त्री बराच वेळ त्या बेचक्याकडं बघत राहिला. मग त्यानं दोरी लावली आणि माझ्या कमानी त्या बेचक्याच्या वर दोन हात नेल्या. एकीच्या दोन केल्या. साहेब चिडला, तेव्हा मिस्त्री एवढंच म्हणाला, "पानी कू पूछके पूल बांधना साब, कागज कू पूछके नै." पाट्या वाहणाऱ्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. तुळजाबाई हसली नाही. तिनं ते ऐकलं आणि ठेवून दिलं.

त्यानंतर पन्नास वर्षांत वाघीण माझ्या डोक्यावरून एकदाही गेली नाही. एकदाही नाही. पायाला घासली, कमानीच्या पोटापर्यंत चढली, गुरगुरली आणि खालून निघून गेली.

माणसांचं काय सांगू? माझ्या कठड्यावर बसून त्यांनी सोयरिकी जमवल्या, भांडणं उकरली, साऱ्या जगाला नावं ठेवली आणि उठताना तंबाखूची पिचकारी माझ्यावरच टाकली. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. बैलगाड्या गेल्या, मोटारसायकली आल्या. नव्या नवऱ्या गेल्या, त्याच पुढं म्हाताऱ्या होऊन काठी टेकत परतल्या. तुळजाबाईचा नवरा बद्रीनाथ शेतात जाताना रोज माझ्या कठड्यावर टेकून चपलेतला खडा काढायचा. एवढ्या वर्षांत एकच खडा असावा असं वाटण्याइतका रोज. तो गेला, त्याला आता सहा वर्षं झाली.

माझं खरं वाटोळं सुरू झालं ते तातेरावच्या खडी केंद्रापासून. तातेराव गावचाच. पलीकडच्या डोंगरात त्यानं दगड फोडायचं यंत्र टाकलं. खडीच्या हायवा, म्हणजे ते अजस्र डंपर, माझ्यावरून जाऊ लागल्या. मी बैलगाडीसाठी बांधलेला माणूस. माणूसच म्हणतो, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पाठीवर दिवसाला वीस-वीस हायवा, त्याही काठोकाठ भरलेल्या. पहिल्या वर्षी कठडा गेला. एका हायवानं मागं येताना तो ओढ्यात ढकलला, आणि ड्रायव्हर खाली उतरून बघायलाही तयार नव्हता. दुसऱ्या वर्षी कमानीच्या मधला पाचरीचा दगड बोटभर खाली सरकला. तुळजाबाईनं तो खालून पाहिला. ती तातेरावच्या दारात गेली.

"तातेराव, तुझ्या गाड्या अर्ध्या भरून ने. पूल बसून राह्यला."

"काकू, पूल जुना झाला. मानूस बी म्हातारं झालं की बसतंच की."

तो हसला. त्याच्या ओसरीवर बसलेले चारजणही हसले. त्या चौघांचीही शेतं ओढ्यापलीकडं आहेत.

मग एके दिवशी माझ्या तोंडाशी पाटी लागली. 'पूल धोकादायक आहे.' म्हणजे ज्यानं मोडला त्याचं नाव कुठं नाही, आणि जो मोडला तो धोकादायक. पाटी लागल्यावर शेतकऱ्यांच्या बैलगाड्या थांबल्या. हायवा मात्र चालूच राहिल्या. त्यांना बहुधा वाचता येत नसावं.

आता एक गोष्ट खरी सांगतो, कारण रागावलेल्या माणसानं तरी खोटं बोलू नये. नवा पूल हवाच होता. मी अरुंद. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून माझ्यावरून नेताना जीव मुठीत धरावा लागायचा. तुळजाबाईच्या सुनेनं, प्रभावतीनं, ओढ्याच्या वळणात शेडनेट उभारलं होतं. हिरव्या जाळीचं घर, आत बियाण्यासाठी मिरची. आमच्या भागात हे काम घरोघर चालतं. रोज सकाळी बाया आत जातात, एकेका फुलातला नर, म्हणजे पुंकेसर, चिमट्यानं काढतात आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावतात. एक सकाळ चुकली की त्या दिवसाची फुलं वाया. मोडक्या पुलामुळं प्रभावतीला खत डोक्यावरून न्यावं लागत होतं. नव्या पुलासाठी पहिला अर्ज तिनंच केला, त्यावर गावातल्या बायांच्या सह्या घेतल्या आणि चार चकरा मारल्या. मी तिला दोष देत नाही. जुन्यानं वाट अडवून बसू नये, हे मलाही कळतं.

पण माझ्या जागी काय आणलं, ते ऐका.

काम तातेरावलाच मिळालं. उन्हाळ्यात आदिनाथ नावाचे तरुण इंजिनिअर साहेब आले. गाडीतून उतरले, कोरड्या पात्राचा फोटो काढला, टेप धरली न धरली आणि गेले. पुढं ग्रामसभेत नकाशा दाखवला. सिमेंटचे तीन नळे शेजारी शेजारी ठेवायचे आणि वरून मुरुमाचा भराव. नळकांडी पूल. एवढ्याशा ओढ्याला ह्याहून जास्त लागत नाही, असं हिशेब सांगतो म्हणे.

तुळजाबाई मागं बायांत बसली होती. उभी राहिली.

"साहेब, तीन नळ्यांत वाघीण मावत न्हाई."

"आजी, त्याचं गणित असतं. ते केलंय."

"गनित केलं ते बराबर. पण पाणी आलं तवा तुम्ही हितं होता का?"

"तिथं तर थेंबसुद्धा नव्हता," साहेब म्हणाले, आणि सभा हसली.

"उन्हाळ्यात कसा राहील? भादव्यात या. मंग सांगा."

प्रभावतीनं तिचा पदर ओढला. "आत्याबाई, बसा खाली. किती वर्सांनी काम मंजूर झालं. तुमच्या त्या जुन्या पुलाचे लाड पुरे झाले आता."

ते तिला लागलं. मला माहीत आहे, कारण त्या संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन बराच वेळ उभी होती. कठडा नव्हता, त्यामुळं टेकायलाही जागा नव्हती. पण मला सुनेचा राग नाही. राग आहे तो सभेतल्या बाकीच्यांचा. त्यातल्या निम्म्यांनी वाघिणीचं पाणी माझ्या कमानीच्या पोटाला लागलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं. एकही बोलला नाही. तातेरावशी वाईटपणा कोण घेणार?

माझ्या खालच्या अंगाला वीस हातांवर नवा भराव उठू लागला. आतून नळे, वरून मुरूम. भरावाच्या पोटात घालायला दगड कमी पडला, तेव्हा तातेरावनं माझ्याकडं बोट केलं. जेसीबीला फोडायचं यंत्र लावलं. चालवणारा रिजवान नावाचा, पंचविशीतला. लोक आता सांगतात की तो इब्राहीम मिस्त्रीचा नातू. खोटं आहे. काही नातं नव्हतं. लोकांना गोष्टी सजवायची खोड असते. तो पोटासाठी आला होता आणि त्यानं पोटासाठी मला फोडलं.

गावाकडची कमान पाडायला त्याला तीन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी त्यानं यंत्र थांबवून घाम पुसला आणि तातेरावला म्हणाला, "शेठ, ये पूल कमजोर किसने बोला? कितना पक्का है देखो." तातेराव म्हणाला, "तू फोड." त्यानं फोडलं. मिस्त्रीनं हातानं घडवलेले दगड, तुळजाबाईनं फोडलेली खडी, सगळं त्या भरावात भर म्हणून गेलं. ज्या पुलानं मला गिळलं, त्याचंच पोट माझ्या हाडांनी भरलं. रागावू नको तर काय करू?

पलीकडची कमान मात्र उरली. दया आली म्हणून नाही. बिलासाठीच्या मोजमापाची तारीख जवळ आली होती आणि तातेरावला जल्दी होती. "हे नंतर बघू," तो म्हणाला. माझं उरलेलं आयुष्य त्या 'नंतर'मध्ये आहे.

भादव्यातली ती सकाळ साफ होती. नांदखेड्यात ऊन पडलं होतं. सहा बाया घेऊन प्रभावती भरावावरून पलीकडं गेली आणि शेडनेटमध्ये शिरली. कीड आत येऊ नये म्हणून जाळीचं दार आतून बांधून घ्यायची पद्धत असते. तसं घेतलं. डोंगराकडं मात्र काळं झालं होतं.

अकराच्या सुमाराला मला आधी वास आला. नव्या चिखलाचा. मग आवाज. तुळजाबाई घरी शेंगा फोडत होती. हातातलं सूप टाकून ती तशीच ओढ्याकडं निघाली. वाटेत कुणीतरी विचारलं, "कामून पळून राह्यल्या, आजी?" तिनं पाय आणखी उचलला.

वाघीण आली. येताना तिनं बांधावरच्या कपाशीच्या पऱ्हाट्या, काटेरी कुंपणं, प्लास्टिकचे कागद, एक अख्खी बाभूळ असं सगळं आणलं. माझ्या खालून ती सहज गेली. पण पुढं तीन नळे. घटकाभरात तिन्ही नळ्यांची तोंडं बुजली. आणि मग जे व्हायचं तेच झालं. पाणी थांबलं. वाहणारं पाणी मी आयुष्यभर पाहिलं, त्याची भीती वाटत नाही. थांबलेल्या पाण्याची मला पहिल्यांदा भीती वाटली. ते आवाज न करता चढत होतं.

माझ्या वरच्या अंगाला, वळणातलं शेडनेट सखल जागी. पाणी पुढून आलं नाही. मागच्या चारीतून शिरलं आणि शेडला वेढा घातला. आतल्या बायांना कळलं तेव्हा घोटा बुडाला होता. दारापाशी येईपर्यंत गुडघा. दाराची गाठ पाण्याखाली गेली होती, ओली होऊन आवळली होती. तेवढ्यात एका बाजूचे खांब कलले आणि जाळी वरून खाली आली, मासळीवर यावी तशी. हातात काय, तर फुलातले नर काढायचे बारीक चिमटे.

त्यांचा ओरडा गावाकडच्या काठावर ऐकू आला. तुळजाबाई पोहोचली होती. भरावाच्या तोंडाशी रिजवान जेसीबीत बसलेला, आणि खाली तातेराव फोनवर.

"तातेराव, भराव फोड!"

"काकू, थांबा. पाणी आपोआप उतरतं. घंटाभरात उतरतं."

"घंटाभरानं आत कोन राह्यल? सात बाया हायत!"

"अहो उद्या मोजमाप हाय. आज फोडला तर सगळं काम परत करावं लागंल. मी फोन करून राह्यलो ना, बोट मागवतो..."

"बोट?" ती म्हणाली. "नांदखेड्यात बोट?"

काठावर तोवर वीस-पंचवीस माणसं जमली होती. पुरुष माणसं. त्यातल्या दोघांच्या बायका त्या जाळीखाली होत्या. ते तातेरावच्या तोंडाकडं बघत होते. दगड मी आहे की हे, असं मला त्या क्षणी वाटलं.

तुळजाबाईनं तातेरावला सोडलं. जेसीबीपाशी गेली, लोखंडी पायरीवर चढली आणि रिजवानच्या खिडकीत तोंड नेलं.

"बाबा, तुझं नाव काय?"

"रिजवान."

"रिजवान, तू नोकर मानूस. तुझ्यावर येऊ द्यायची न्हाई मी. कुनी इचारलं तर सांग, तुळजाबाई बद्रीनाथनं फोडायला लावला. माझं नाव घे. चारचौघांत घे. पण फोड."

रिजवाननं तातेरावकडं पाहिलं. तातेराव ओरडला, "हात लावलास तर उद्यापासून घरी बस!"

रिजवाननं यंत्र सुरू केलं. मग म्हणाला, "आजी, उतरो नीचे. लगेगा तुमको."

त्यानं जेसीबीचा दात भरावात घातला. एकदा, दोनदा, पाचदा. मुरूम बाजूला सरला, खालून माझे दगड निघाले, तेही सरले. सातव्या घासाला पाण्यानं वाट धरली, आणि पुढचं काम वाघिणीनंच केलं. तीन नळे भाकरीसारखे गरगरत खाली गेले. रिजवाननं यंत्र मागं घेतलं नसतं तर तोही गेला असता.

पाणी उतरायला अर्धी घटकाही लागली नाही. छातीपर्यंत आलेलं कमरेला, कमरेचं गुडघ्याला. प्रभावतीनं एका खांबाच्या तुटक्या पत्र्यानं जाळी कापली आणि एकेकीला बाहेर ओढलं. साळूबाईचा पाय लोखंडी खांबाखाली अडकून मोडला होता. तिला दोघींनी उचललं. पण जायचं कुठं? सगळीकडं चिखल आणि पाणी. उंच, कोरडी, पक्की जागा आसपास एकच होती. त्या सातहीजणी माझ्या उरलेल्या कमानीवर येऊन बसल्या.

पाटीवर 'धोकादायक' लिहिलेलं होतं ना, त्याच जागी.

मधे माझ्या पडलेल्या कमानीची पोकळी, खाली वाघीण. अलीकडं सासू, पलीकडं सून.

"आत्याबाई!" प्रभावती ओरडली. "मिरची गेली सगळी!"

"जाऊ दे!" तुळजाबाई ओरडली. "तू हायस का?"

"हाय!"

"मंग बस तिथंच. हलू नको."

प्रभावती तिथंच बसली. साळूबाईचं डोकं मांडीवर घेऊन ती दिवस कलेपर्यंत रडत होती. एवढ्या वर्षांत माझ्यावर खूप जण रडले, पण असं रागानं रडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळे आले. पंचनामा झाला. गावातला जो तो सांगू लागला, "आम्ही तवाच म्हनलो होतो, तीन नळ्यांत मावनार न्हाई." कधी म्हणालात रे? कुणासमोर? सभेतून तर मला काहीएक ऐकू आलं नव्हतं.

आदिनाथ साहेबही आले. ह्या वेळी बूट काढून चिखलात उतरले. माझ्या उभ्या कमानीवर पाण्याची रेघ उमटली होती, तिथं टेप लावली. मग वर काठाकडं बघून म्हणाले, "आजी, ह्याच्याही वर कधी आलं होतं?" तुळजाबाई खाली उतरली आणि जिथं पूर्वी ती जुनी बाभूळ होती तिथं उभी राहून तिनं बेचक्याएवढा हात उंच केला. साहेबांनी तिच्या हातापर्यंत मोजलं, वहीत लिहिलं. चूक झाली असं म्हणाले नाहीत. त्यांचे कान मात्र लाल झाले होते, ते मी पाहिलं.

नवा नकाशा निघाला. उघड्या तीन गाळ्यांचा, वर काँक्रीटचा, त्या हाताच्याही वर. ठेकेदार दुसरा. म्हणजे अखेर बरं झालं, असं तुम्ही म्हणाल. थांबा.

साहेबांच्या अहवालात 'अतिवृष्टी' असं कारण लिहिलं. पाऊस कुणावर फिर्याद करत नाही, त्यामुळं ते सोपं. तातेरावनं मात्र केली. सरकारी काम फोडलं म्हणून. नावं दोन. रिजवान आणि तुळजाबाई. तिनं स्वतःच चारचौघांत नाव सांगितलं होतं, मग शोधायला कुठं जायचं? रिजवानचं काम दुसऱ्याच दिवशी सुटलं. तो आता बदनापूरकडं कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर आहे, तारखेला तिथून येतो. जाळीखालच्या बायांच्या नवऱ्यांनी साक्षीला यायचं कबूल केलं आणि नंतर दोघांना नेमकी त्याच दिवशी कामं निघाली.

पहिल्या तारखेआधी एकजण तातेरावचा निरोप घेऊन आला. एक कागद होता. 'माझ्या हातून रागाच्या भरात चूक झाली' असं लिहिलेलं. अंगठा दिला की प्रकरण मिटतं, म्हणाला. प्रभावती अंगणात भांडी घासत होती. तिचं घासणं थांबलं.

तुळजाबाईनं कागद वाचला. तिला वाचता येतं हे त्या माणसाला माहीत नव्हतं. पन्नाशीत ती रात्रीच्या वर्गाला जाऊन शिकली आहे.

"अंगठा कामून? मी सही करते," ती म्हणाली. त्याचा चेहरा उजळला. "पर ह्याच्यावर न्हाई. ह्याच्यात खोटं लिहिलंय. रागाच्या भरात न्हाई फोडला मी. बिलकुल इचार करून फोडला."

तो माणूस कागद घेऊन परत गेला.

तारखेच्या दिवशी प्रभावती सासूबरोबर निघाली. वेशीपाशी बाकीच्या सहाजणी उभ्या होत्या. कुबडी घेतलेली साळूबाईसुद्धा. दिवसाची मजुरी सोडून सगळ्या तालुक्याला गेल्या आणि कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून राहिल्या. आत बोलावलं फक्त तुळजाबाईला, आणि पुढची तारीख देऊन परत पाठवलं. असं दोनदा झालं. येताना त्या माझ्यापर्यंत येतात. नव्या पुलाच्या खांबांचे खड्डे बघतात. प्रभावती सासूला हाताला धरून चिखलातून नेते. पूर्वी धरत नव्हती.

माझी पाळी येत्या सोमवारी आहे. नव्या पुलाच्या वाटेत माझी उरलेली कमान येते, ती काढायची आहे. मला त्याचा राग नाही, खरंच नाही. ह्या वेळी उंची बरोबर आहे, गाळे मोकळे आहेत. येणारा पूल चांगला आहे हे पाहून जायला मिळतंय, किती पुलांच्या नशिबी हे असतं?

पण सोमवारीच तिची तिसरी तारीख आहे. त्या आठजणी तालुक्याला असतील आणि मला पाडताना इथं मशीनवाल्याखेरीज कुणी नसेल. नसू दे. निरोपाला कुणी यावं असा माझा हट्ट नाही.

मागणं एकच आहे, आणि ते मी हात जोडून करत नाही, कारण मला हात नाहीत आणि जोडायची इच्छाही नाही. सत्तरीला आलेली एक बाई सात जीव वाचवल्याबद्दल आरोपी म्हणून बाकावर बसते. आणि ज्यांनी पाणी अडवलं, त्यांना कुणी तारीख देत नाही. तुम्हाला तिचा पुतळा उभारायला, सत्कार करायला, नव्या पुलाला तिचं नाव द्यायला सांगत नाही. फिर्यादीच्या चार ओळींत तुळजाबाईचं नाव लिहिलंय, तेवढं खोडा. रिजवानचंही खोडा. आणि जागा रिकामी राहील असं वाटत असेल, तर तिथं कुणाचं लिहायचं ते साऱ्या नांदखेड्याला माहीत आहे.

बोला आता कुणीतरी. मी सोमवारनंतर बोलायला नसेन.